चाकण–राजगुरुनगर महामार्गालगतची दीड एकर जमीन : गाळे बांधावेत, विकावी की थांबावे?

खेड तालुक्यातील तीन भावांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे–नाशिक महामार्गावर चाकण आणि राजगुरुनगर यांच्या दरम्यान, वाकी–शिरोलीच्या टापूत त्यांची वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे. तिची सुमारे ५५ मीटरची दर्शनी बाजू महामार्गाला लागून असून खोली साधारण ११० मीटर आहे. एका विकसकाने रस्त्याच्या कडेला तळमजला व पहिला मजला मिळून २८ गाळ्यांची इमारत बांधण्याचा आणि त्यांतील निम्मे गाळे कुटुंबाला देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. दुसरा एक जण जमीन सरळ विकत मागतो आहे, आणि धाकट्या भावाच्या मनात पेट्रोल पंप आहे. यांपैकी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की विकसकाचा प्रस्ताव आज आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, जमीन विकण्याची घाई करू नये, आणि पंपाचा विचार नियमांची अंतरे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पुढे नेऊ नये. जमीन विकास आणि बांधकाम परवानग्यांच्या कामात या रस्त्याशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे. येथे रस्त्याकडेच्या जमिनीची किंमत दर्शनी बाजूच्या लांबीवरून ठरवण्याची पद्धत पडली आहे, आणि जमीनमालकांचे नुकसान बहुतेक वेळा याच हिशेबातून होते. महामार्गाला जमीन लागून असणे आणि महामार्गावरून त्या जमिनीत वाहन नेण्याचा कायदेशीर हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडे आणि किंमत टिकते ती दुसऱ्या गोष्टीवर.

राष्ट्रीय महामार्गांसाठी २००२ चा जमीन व वाहतूक नियंत्रणाचा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या २८ आणि २९ या कलमांनुसार महामार्गावर कोणालाही परवानगीशिवाय प्रवेश उघडता येत नाही, आणि मिळालेली परवानगी ही अटींवर दिलेली व अटी मोडल्यास काढून घेता येणारी सवलत असते. आज शेतात ट्रॅक्टर उतरवण्यासाठी जो कच्चा उतार वापरला जातो, त्याच्या आधारावर २८ गाळ्यांच्या ग्राहकांची व मालवाहू गाड्यांची ये-जा कायदेशीर ठरत नाही. विकसकाच्या आराखड्यात प्रत्येक गाळ्यासमोर थेट रस्त्यावरून गाडी लावण्याची सोय दाखवली असेल, तर तो आराखडा कागदावर सुंदर दिसला तरी प्रत्यक्षात तो ५५ मीटर लांबीचा अनधिकृत प्रवेश आहे. त्यामुळे प्रस्ताव देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की महामार्ग प्राधिकरणाकडे प्रवेशाच्या परवानगीसाठी कोणता नकाशा सादर केला जाणार आहे आणि तो अर्ज कोणाच्या नावाने होणार आहे.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या जुन्या मानकांनुसार मोकळ्या, सपाट प्रदेशात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा मानली जाते. पहिल्या रेषेच्या आत इमारत नको आणि दोन रेषांच्या मधील बांधकामावर नियंत्रण असावे, असा त्यामागचा हेतू आहे. नागरी क्षेत्रात, औद्योगिक क्षेत्रात किंवा सेवा रस्त्याची सोय ठेवल्यास प्रत्यक्ष लागू होणारे अंतर बदलते. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीतील, म्हणजे बांधकामाच्या नियमांतील, तरतुदी आणि महामार्ग यंत्रणेचा अभिप्राय एकत्र वाचूनच आपल्या जमिनीच्या गटासाठी नेमका आकडा काढावा लागतो. शेजारच्याने कुठे बांधले आहे हे पाहून अंतर ठरवणे या रस्त्यावर विशेष धोक्याचे आहे, कारण शेजाऱ्याचे बांधकाम कोणत्या साली व कोणत्या परवानगीने झाले हे बाहेरून कळत नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे पीएमआरडीएने, २०२५ मध्ये चाकण परिसरात या रस्त्यालगतची अतिक्रमणे हटवण्याची मोठी मोहीम राबवली. पुढे आलेल्या शेड, फलक आणि पायऱ्या पडताना तालुक्याने पाहिल्या आहेत.

आता या टापूच्या भवितव्याविषयी. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २ ऑगस्ट २०२४ रोजी नाशिक फाटा ते खेड (म्हणजे राजगुरुनगर) या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. आपली जमीन या ३० किलोमीटरच्या आतच येते. उन्नत मार्ग म्हणजे डोक्यावरून जाणारा रस्ता, आणि तो जमिनीला स्पर्श करतो फक्त खांबांच्या व चढ-उताराच्या ठिकाणी. त्याचा परिणाम सरसकट चांगला किंवा वाईट असा सांगता येत नाही, कारण तो चढ-उताराच्या मार्गिका नेमक्या कोठे येतात यावर अवलंबून असतो. पुण्याहून नाशिककडे जाणारी गाडी वरून निघून गेली की तिच्या चहा-जेवणावर चालणारा धाबा ग्राहक गमावतो. त्याच वेळी खालचा रस्ता स्थानिक वाहतुकीसाठी मोकळा झाल्याने कारखान्यातील कामगार, आसपासच्या गावांतील लोक आणि माल उतरवणारे टेम्पो यांच्यावर चालणाऱ्या व्यवसायाला तो अधिक सोयीचा होतो. चढ-उताराची मार्गिका मात्र जमिनीसमोरच आली, तर तेवढ्या लांबीत प्रवेश मिळणे जवळपास अशक्य होते आणि दर्शनी बाजू असूनही जमीन रस्त्याला पारखी होते. बांधकामाच्या काळातील धूळ, कठडे आणि वळवलेली वाहतूक यांचा हिशेब वेगळा. त्या काळात किरकोळ दुकानांची भाडी पहिल्यांदा पडतात, हे कोणत्याही उड्डाणपुलाच्या कामाजवळ दुकान असलेल्या माणसाला विचारून पाहावे.

बाह्यवळणांनी याच महामार्गावर हा धडा आधीच दिला आहे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव येथे वाहतूक गावाबाहेरून वळल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ज्या हॉटेलांचे गिऱ्हाईक लांबच्या प्रवासातील होते त्यांना फटका बसला. कापड, औषधे, किराणा, शेती अवजारे विकणारी दुकाने मात्र तालुक्याच्या लोकांवर चालत असल्याने टिकली. आपल्या जमिनीवर काय उभारावे याचे उत्तर यातच आहे : जाता-जाता थांबणाऱ्या ग्राहकावर २५ वर्षांचा हिशेब बांधू नये.

यासाठी दोन गावांच्या मधल्या जागेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. चाकणला शनिवारचा बाजार आहे, कांद्याची मोठी आवक असणारे बाजार आवार आहे आणि पश्चिमेला महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या बाजूने औद्योगिक वसाहतीचे अनेक टप्पे पसरलेले आहेत. राजगुरुनगर हे तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे तहसील, न्यायालय, पंचायत समिती आणि महाविद्यालये तेथे आहेत, आणि वाडा–भीमाशंकरकडील माणूस खरेदीला तेथेच उतरतो. दोन्ही टोकांना बाजारपेठ असली आणि मधले अंतर १२–१३ किलोमीटरच असले की साडी, सोने, मोबाइल, औषधे घेणारा ग्राहक मध्ये थांबत नाही. तो एका किंवा दुसऱ्या टोकाला जातो, कारण तेथे एका फेरीत त्याची चार कामे होतात. म्हणून मधल्या पट्ट्यात दहा बाय वीस फुटांच्या गाळ्यांची रांग उभी केली की तळमजल्यावर पंक्चर, चहा, मोटारीचे सुटे भाग आणि जमीन खरेदी-विक्रीची कार्यालये येतात, आणि पहिल्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षे बंद शटर घेऊन उभे राहतात. विकसकाचा ‘निम्मे-निम्मे’ हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो. पण त्याने तळमजला घेतला आणि कुटुंबाच्या वाट्याला पहिल्या मजल्याचे गाळे आले, तर ते निम्मे म्हणजे प्रत्यक्षात फार थोडे आहे.

या पट्ट्यात चालते ते ज्याला जागा लागते, वाहन वळवायला अंगण लागते आणि गावातले भाडे परवडत नाही ते. सुट्या भागांची गोदामे, बांधकाम साहित्य, पोलाद व पत्र्याचे व्यापारी, ट्रॅक्टर व व्यावसायिक वाहनांची विक्री-दुरुस्ती केंद्रे, फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप, कामगारांसाठी नीट बांधलेली वसतिगृहे, रोपवाटिका, हे सगळे आपल्या ११० मीटर खोलीच्या जमिनीला शोभणारे व्यवसाय आहेत, आणि यांपैकी बहुतेकांना रस्त्याच्या अगदी काठावर बसण्याची गरज नसते. मंगल कार्यालयाचा विचार मात्र करू नये असे मी आग्रहाने सांगेन. या आकाराच्या जमिनीत लग्नसराईच्या गर्दीच्या दिवशी येणारी चारचाकी वाहने मावत नाहीत, ती महामार्गाच्या कडेला लागतात, आणि वऱ्हाडातली म्हातारी माणसे व मुले वेगाने जाणाऱ्या गाड्यांसमोरून रस्ता ओलांडतात. असे अपघात या तालुक्यात लोकांनी भोगले आहेत. भाड्याच्या कोणत्याही आकड्यासाठी तो धोका पत्करण्याजोगा नाही.

माझ्या दृष्टीने योग्य आराखडा असा राहील. पुढची २५ ते ३० मीटर जागा कायमस्वरूपी बांधकामाशिवाय मोकळी ठेवावी. तिच्यात अंतर्गत रस्ता, वाहनतळ, झाडांची रांग आणि पावसाच्या पाण्याचे गटार एवढेच असावे. मागे सुमारे ८० मीटर खोली व ५५ मीटर रुंदी, म्हणजे ४,४०० चौरस मीटर जागा उरते. तिच्यात बाजूची अंतरे सोडून एक किंवा दोन मोठ्या शेड आणि पुढच्या अंगाला मोजके, पण मोठे, तळमजल्याचे गाळे बसू शकतात. गोदाम असेल तर ४० फुटी कंटेनरची गाडी मागेपुढे न करता वळेल इतके अंगण लागते. ती गाडी महामार्गावर उलटी काढावी लागत असेल, तर चांगला भाडेकरू तेथे येतच नाही. उद्या रुंदीकरणात पुढची पट्टी गेली तरी चालू व्यवसायाची इमारत वाचते, आणि गेली नाही तर पुढची मोकळी जागा हीच त्या मालमत्तेची सर्वांत मोठी सोय ठरते.

याहून चांगला मार्ग शेजाऱ्यांसोबत जाण्याचा आहे. लागून असलेल्या तीन-चार खातेदारांनी आपापल्या पुढच्या भागातून एक समाईक अंतर्गत रस्ता सोडला आणि महामार्गाला येण्या-जाण्याचे एकच नीट आखलेले तोंड ठेवले, तर प्रवेशाची परवानगी मिळणे सोपे होते, वाहनांचा वेग कमी-जास्त करण्यासाठी लागणाऱ्या मार्गिकांना पुरेशी लांबी मिळते आणि प्रत्येकाची जमीन वाढत्या किमतीची होते. भावकीत आणि शिवारात हे जुळवणे किती अवघड असते याची मला पूर्ण कल्पना आहे. बांधाच्या हातभर जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. तरीही सगळे आले नाहीत आणि एकच शेजारी तयार झाला, तरी दोन गटांच्या सामाईक हद्दीवर प्रवेश ठेवून नोंदणीकृत वहिवाटीचा करार करावा आणि त्याची नोंद दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत घ्यावी. तोंडी समजुतीवर सोडलेला रस्ता पहिल्या पिढीत चालतो. दुसऱ्या पिढीत तेथे तारेचे कुंपण पडते.

पेट्रोल पंपाबाबत थोडक्यात सांगतो. मोकळ्या भागात पंपासाठी किमान ३५ बाय ३५ मीटर जागा मानली जाते आणि ती आपल्याकडे आहे. पण अडचण जागेची नसून अंतरांची आहे. जवळचा चौक, दुभाजकातील मोकळी जागा, त्याच बाजूचा दुसरा पंप आणि टोलनाका यांपासून ठरावीक अंतरे सुटावी लागतात. टोलनाक्याच्या बाबतीत हे अंतर १,००० मीटर आहे. शिवाय पंपात येताना सुमारे ७० मीटर आणि बाहेर पडताना सुमारे १०० मीटर लांबीची वेग बदलण्याची मार्गिका लागते, जी ५५ मीटरच्या दर्शनी बाजूत बसत नाही व शेजाऱ्यांच्या जमिनीसमोरून काढावी लागते. तेल कंपनीच्या जाहिरातीला अर्ज करण्यापूर्वी एखाद्या अनुभवी सर्वेक्षकाकडून ही सगळी अंतरे नकाशावर टाकून घ्यावीत.

जमिनीचा वापर-विभाग हा पुढचा टप्पा. या भागाची पुणे प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली आहे, आणि पीएमआरडीएचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला विकास आराखड्याचा मसुदा शासनाने पुढे रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या मसुद्यात आपला गट पिवळा दिसला होता म्हणून तो आजही निवासी आहे असे समजून कोणी सौदा करत असेल, तर त्याला थांबवावे. पीएमआरडीएकडून आजच्या तारखेचा झोन दाखला घ्यावा. जमीन शेती विभागात असेल तरी महामार्गालगत पंप, उपाहारगृह, वाहन सेवा केंद्र अशा महामार्ग सुविधांना अटींवर वाव असतो, परंतु दुकानांची सलग रांग त्यात बसत नाही. अकृषिक वापराबाबत जमीन महसूल संहितेत २०१७ पासून आलेल्या ४२ ब, ४२ क आणि ४२ ड या कलमांमुळे योजनेतील वापराशी सुसंगत विकासासाठी रक्कम भरून काम बरेच सोपे झाले आहे. मात्र ती सोय झोनविरुद्ध बांधकामाला वैध करीत नाही.

सातबाऱ्याकडे आता वळतो, कारण बहुतेक प्रस्ताव शेवटी येथे अडकतात. इतर हक्कांच्या रकान्यात नवीन शर्त (शासनाच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित न करण्याची अट), पुनर्वसनासाठी संपादनाचा शेरा, महामार्गाच्या संपादनाची नोंद, सोसायटीचा बोजा यांपैकी काही आहे का ते पाहावे. खेड तालुक्यात भामा-आसखेड आणि चासकमान प्रकल्पांमुळे पुनर्वसनाचा शेरा हा विषय घरोघरी माहीत आहे. महामार्ग संपादनात १९५६ च्या कायद्याखाली आधी कलम ३अ ची अधिसूचना निघते, तिच्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते, आणि एका वर्षात कलम ३ड ची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना निष्प्रभ होते. ३ड झाल्यावर मात्र ती जमीन केंद्र शासनाची होते. आपल्या गटाचे नाव अशा कोणत्याही अधिसूचनेत आले आहे काय, हे भूसंपादन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. सोबत भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, कारण चौपदरीकरणाच्या वेळी पूर्वी गेलेली पट्टी अनेक सातबाऱ्यांतून कमी झालेलीच नसते आणि मालक आपल्या नसलेल्या जागेवर आराखडा काढत बसतो.

एक गोष्ट प्रश्नात आलेली नाही, ती मी विचारतो. आपण तिघे भाऊ आहात. बहिणी आहेत का? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो वडील २००५ मध्ये हयात असण्यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. त्यांना बाजूला ठेवून केलेला विकसन करार न्यायालयात अडकू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो त्यांचा वाटा आहे आणि तो त्यांना मिळाला पाहिजे. कराराच्या आधीच त्यांच्याशी बसून बोलावे.

करार करण्याची वेळ आलीच, तर काही अटींवर ठाम राहावे. प्रवेशाची परवानगी आणि बांधकाम मंजुरी दोन्ही हाती येईपर्यंत कुलमुखत्यारपत्र नोंदवून देऊ नये. जमीन गहाण ठेवून कर्ज काढण्याचा अधिकार देऊ नये. वाटणी गाळ्यांच्या संख्येने न करता मजला व जागा नकाशावर रंगवून करावी. मुदत संपल्यास करार आपोआप रद्द होण्याचे कलम असावे. २८ गाळे विक्रीसाठी असतील तर प्रकल्पाची महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी बंधनकारक आहे, कारण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त गाळे असे दोन्ही झाले की सूट संपते, आणि ही बाब दुकानांनाही लागू आहे. गाळ्यांचे आगाऊ पैसे नोंदणीपूर्वी घेतले जात असतील, तर जमीनमालक म्हणून आपणही त्या अडचणीत ओढले जाऊ शकता. माझा कल मात्र विकसन कराराकडे नाही. मागच्या जागेवर भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने शेड उभारावी अशा नोंदणीकृत दीर्घ भाडेपट्ट्याकडे आहे, ज्यात मालकी घरात राहते आणि दर तीन वर्षांनी भाडेवाढ ठरलेली असते.

पाण्याचा विषय शेवटी घेतला तरी तो दुय्यम नाही. या टापूत भूमिगत गटार नाही आणि उतार भामा नदीकडे जाणाऱ्या ओढ्यांना मिळतो. महामार्गाखालच्या मोऱ्यांतून येणारे पाणी पूर्वी शेतातून पसरून जाई. रस्त्याच्या पातळीला येण्यासाठी प्रत्येकाने मुरूम टाकून जमीन उचलली की तेच पाणी मागच्या शेतात किंवा थेट रस्त्यावर तुंबते. आपल्या जमिनीसमोर मोरी असेल तर तिच्या मुखापासून ओढ्यापर्यंतची वाट मोकळी ठेवूनच भराव टाकावा, आणि सांडपाण्यासाठी केवळ शोषखड्ड्यावर न विसंबता छोट्या शुद्धीकरण यंत्रणेची तरतूद खर्चात धरावी. आसपासच्या विहिरींचे पाणी अजून पिण्यात आहे.

या महिन्यात करण्याची कामे मोजणीचा अर्ज, झोन दाखला आणि भूसंपादनाबाबतचा लेखी अभिप्राय एवढीच आहेत. ती होईपर्यंत विकसकाला नकार देण्याची गरज नाही; त्याच्याकडून प्रवेशाचा नकाशा आणि मजलेवार वाटणी लेखी मागवावी, आणि टोकन म्हणून दिलेली कोणतीही रक्कम स्वीकारू नये.